डॉक्टरांच्या गाडीचं नाक

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी मला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही, गाव कुठलं हेसुद्धा विचारलं नाही. मी त्यांच्या दिवेआगरच्या घराचा जिना चढून माडीवर पोचले, भाड्याच्या खोलीसाठी आले म्हणाले, आणि त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पंप कुठला घेतेस?"

"कसला पंप?"

"दम्याचा. शेवटच्या पायऱ्यांवर शिट्टी वाजली तुझी. पर्सच्या तळाशी दडवला असशील. काढ."

मी मुकाट्याने काढला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला, तोंडाजवळचं झाकण उघडून आत डोकावल्या, त्यात अडकलेला बडीशेपेचा दाणा टाचणीने बाहेर काढला आणि म्हणाल्या, "खोली तुझी. सामान कधी आणतेस?"

मी माणदेशातली. तिकडच्या कोरड्या हवेतून इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले होते. माझी पहिलीच नोकरी. दमा लहानपणापासूनचा, पण शाळेत कोणाला सांगितला नव्हता आणि घरी 'आता बरा आहे' असं सांगितलं होतं. कारण आईचं म्हणणं ठरलेलं होतं, त्या दमट हवेत तू टिकायची नाहीस, राजीनामा दे आणि परत ये. परत गेले की पुन्हा घराबाहेर पडणं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून रात्री उशीत तोंड खुपसून खोकायचं आणि सकाळी हसत शाळेत जायचं, असा माझा बेत होता. डॉक्टरांनी तो जिन्यातच मोडून काढला.

डॉक्टर म्हणजे भूलतज्ज्ञ. सगळी हयात मुंबईतल्या ऑपरेशन थिएटरांत गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या नारळ-सुपारीच्या वाडीत राहायला आल्या. वादळाने वाडीतले निम्मे माड आडवे केले होते, तरी त्यांनी नवी रोपं लावून घेतली आणि येताना सोबत एक गाडी आणली.

गाडी दिसायला साधी. राखाडी, बुटकी, चार माणसं जेमतेम बसतील अशी. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या धिप्पाड गाड्या येतात, त्यांच्यात उभी केली तर कोणी ढुंकून बघणार नाही. पण बॉनेटखाली टर्बो होता, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. मैत्रिणी निवृत्तीनंतर युरोप बघायला गेल्या, तेव्हा डॉक्टर पुण्याच्या एका गॅरेजात जाऊन त्या इंजिनाची ताकद आणखी वाढवून घेत होत्या. म्हसळ्याच्या घाटात एस.टी.च्या मागे अडकलेली ही गाडी मोकळा रस्ता मिळाला की अशी काही सुटायची की मी डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टर मात्र पडवीत बसून सुपारी कातरताना जितक्या शांत असत, तितक्याच शांत.

वेगाचं मात्र त्यांना फार कौतुक नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष गाडीच्या नाकाकडे. नाक म्हणजे एअर फिल्टर. गाडीचा रंग उडाला होता, मागच्या बंपरला पोचा होता, सीटवर वाडीतल्या मांजराच्या नख्यांचे ओरखडे होते, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण फिल्टरच्या डब्याची एक क्लिप सैल झाली तर त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे.

"आत काय जातं ते आपण बघायचं," त्या म्हणायच्या. "बाहेर काय येतं ते गाव बघतंच."

एकदा शेजारच्या घरगुती निवासात पुण्याची चार मुलं उतरली होती. त्यांच्या लाल गाडीने सगळी आळी दणाणून सोडली. डॉक्टर चपला अडकवून थेट तिकडे गेल्या, मीही गंमत बघायला मागोमाग. "बॉनेट उघडा," त्या म्हणाल्या. मुलांना वाटलं म्हातारी तक्रार करायला आली. उघडल्यावर आत डबाबिबा काही नाही, इंजिनाच्या शेजारी एक मोठा शंकूसारखा फिल्टर उघडाच बसवलेला.

"हात धर इथे," त्या एका मुलाला म्हणाल्या. त्याने धरला आणि चटकन मागे घेतला. "भाजलं ना? ही हवा तुझं इंजिन पितंय. गरम हवा म्हणजे पातळ हवा. पातळ ताक पाजून पैलवान होतो का? आवाज वाढलाय, दम घटलाय."

"पण मॅडम, सगळे हाच लावतात."

"सगळे कुठे जातायत तेही विचारून ठेव." मग त्याच गाडीच्या टपाला टेकून त्यांनी मुलांना तासभर शिकवणी दिली. बाहेरची गार हवा आणणारी नळी कुठून घ्यावी, ती बंपरखाली अगदी खाली का आणू नये (उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी रस्त्यावर येतं आणि इंजिनाने पाण्याचा एक घोट घेतला की संपलं), घट्ट बसणाऱ्या डब्यातला साधा कागदी फिल्टर नेहमीच्या वापराला कसा उत्तम असतो. मुलं शेवटी त्यांच्या पाया पडली. त्यातल्या एकाने पुढे डबा बसवून घेतल्याचा फोटो पाठवला, तो डॉक्टरांनी मला, वाडी सांभाळणाऱ्या इंदूमावशीला आणि दूधवाल्याला दाखवला.

त्या स्वतः मात्र तेल लावलेला सुती फिल्टर वापरायच्या, कारण तो धुता येतो आणि धुण्यात त्यांना सुख होतं. पावसाळ्यापूर्वी इकडे आगोटीची बेगमी चालते. सुकी मासळी, मीठ, मसाला, जळण, सगळं घरात भरून ठेवायचं. डॉक्टरांच्या आगोटीत फिल्टर असे. परातीत साबणाचं पाणी घेऊन तो आतून बाहेर धुवायचा, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाते. घासायचा नाही, आपटायचा नाही, हवेचा फवारा मारायचा नाही. "फवाऱ्याने धागे फाटतात आणि फाटलेलं नाक दिसत नाही," इति डॉक्टर. मग पडवीतल्या दोरीवर सावलीत टांगायचा. पूर्ण सुकल्यावर प्रत्येक चुणीवर खास तेलाची बारीक रेघ ओढायची आणि ते आपोआप पसरेपर्यंत बोलायचं नाही. हे शेवटचं त्यांच्या मनाचं असावं.

इंदूमावशी ते लालसर चुणीदार प्रकरण पहिल्यांदा टांगलेलं बघून मला हळूच म्हणाली होती, "काय गो बाय, डॉक्टरीणबाईनं फणसाची साठं सावलीत कशाला घातल्यात? अशानं सुकतील व्हय ती?"

सगळं बसवून झालं की काही दिवस गाडी चालवायची आणि मग परीक्षा. डॉक्टर पांढरा रुमाल बोटाला गुंडाळायच्या, फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत आतून फिरवायच्या आणि बाहेर काढून उजेडात धरायच्या. रुमाल पांढराच असेल तर पास. जांभ्याची तांबूस धूळ अगदी डोळ्यात घालण्याइतकी जरी दिसली, तरी कुठेतरी फट आहे. मग रबराची कड पुन्हा बसव, क्लिपा पुन्हा लाव. असे रुमाल त्या कपाटात इस्त्री करून ठेवत. मुंबईहून मांडव्याला गाडी बोटीने आणायच्या तेव्हासुद्धा, इंजिन बंद असताना, एक रुमाल हवेच्या तोंडाशी बांधून ठेवायच्या. "खारं वारं आहे," म्हणायच्या. बोटीवरची माणसं हसायची, त्याचं त्यांना सोयरसुतक नसायचं.

माझ्या खोलीचीही त्यांनी अशीच तपासणी केली. कपाटामागची बुरशी खरवडून काढली, कापसाची उशी बदलली, खिडकीखालची पाणी तापवायची चूल हलवून वाडीच्या टोकाला नेली. पंप कसा ओढायचा ते मला कोणी कधी नीट शिकवलंच नव्हतं. त्यांनी आरशासमोर उभं करून शिकवलं. "औषध जिभेवर मारतेस, छातीत नाही. आणि घेण्याची एवढी घाई कशाला? दमेकऱ्याचं घेणं अडत नाही, सोडणं अडतं. आधी सोड. रिकामी हो. मग आपोआप येतं."

आमच्या माणदेशी घरात मायेने बोलायची पद्धत आहे, ती डॉक्टरांकडे नव्हती. त्या माझी छाती कानाने तपासत आणि गाडीचं इंजिनही तसंच. पण त्या वर्षी मी पहिल्यांदा उशीत तोंड न खुपसता झोपले, हे मला आजही आठवतं आणि आजही त्यांचे उपकार वाटतात.

एका संध्याकाळी पडवीत बसलो असताना मी विचारलं, "डॉक्टर, तुमचे जुने पेशंट येतात का हो भेटायला?"

"माझे?" त्या हसल्या. "अगं, मी झोपवायची. सर्जनला पेढे, फिजिशियनला नमस्कार. माझं तोंड बघेपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले. तास न् तास एकेकाचा श्वास मी हातात धरून बसलेय, पण उठल्यावर एकालाही माझा चेहरा आठवला नाही. आठवू नये हेच तर माझं काम." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण त्यांनी सुपारी कातरायची थांबवली होती.

आता खोबरेलाची गोष्ट.

त्या हिवाळ्यात रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम निघालं होतं आणि जांभ्याची तांबडी धूळ सगळीकडे उडत होती. डॉक्टरांनी फिल्टर अवेळी धुवायला काढला. धुऊन, सुकवून झाल्यावर लक्षात आलं की खास तेलाची बाटली रिकामी आहे. मागवलेली नवी बाटली वाटेतच कुठे तरी अडकली होती. दोन-तीन दिवस वाट बघितली. गाडीविना त्यांना चैन पडेना. मग त्यांनी आपल्याच वाडीतल्या खोबऱ्याचं, घाण्यावर काढून आणलेलं तेल घेतलं आणि चुण्यांवर रेघा ओढल्या.

"चालतं हे?" मी विचारलं.

"तेल ते तेल. धूळ धरली म्हणजे झालं," त्या ऐटीत म्हणाल्या. "शिवाय घरचं आहे. आता माझ्या गाडीला भजनी मंडळासारखा वास येईल." आणि खरंच, दुपारी गाडी सुरू केली की आळीभर खोबरेलाचा मंद वास दरवळायचा. डॉक्टर खूश होत्या. बाहेर पडायच्या त्या नेहमी जेवण-वामकुक्षी झाल्यावर, उन्हं चांगली तापलेली असताना. त्यामुळे काही बिघडलं नाही.

जानेवारीतली ती पहाट मात्र फार गार होती. मला जाग आली ती धुराने. कोणाच्या तरी वाडीत पालापाचोळा पेटवला होता आणि धूर दवात अडकून जमिनीलगत पसरला होता. छाती आवळली. पंप घेतला, पुन्हा घेतला. काही फरक पडेना. डॉक्टर माझा खोकला ऐकून वर आल्या. त्यांच्याकडे वाफ द्यायचं यंत्र होतं, पण वीज गेलेली. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "म्हसळ्याचा दवाखाना. चल."

गावाबाहेर पडेपर्यंत गाडी ठीक होती. घाटाचा चढ लागला आणि ती गळाठली. डॉक्टर पाय दाबतायत आणि गाडी पुढे सरकत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मागून आलेला टेम्पो आम्हाला ओलांडून गेला. आजवर आम्हाला त्या घाटात कोणी ओलांडलं नव्हतं. एका हाताने त्या स्टिअरिंग धरत होत्या, दुसऱ्याने माझी नाडी. "सोड. सोड. आधी सोड," चाललं होतं. मग गाडी धापा टाकत जवळजवळ उभीच राहिली.

त्या उतरल्या, बॉनेट उघडलं, डब्याच्या क्लिपा खटाखट काढल्या आणि फिल्टर बाहेर ओढला. उजाडत होतं. मला काचेतून दिसलं. सगळ्या चुण्या पांढऱ्याफटक, तुपाच्या भांड्यासारख्या थिजलेल्या. गार हवा ओढून ओढून खोबरेल गोठलं होतं आणि गाडीला श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती. माझ्या खोलीत त्याच सकाळी डोक्याला लावायच्या तेलाची बाटली अशीच घट्ट झाली होती. दर थंडीत होते. आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. समोर पाहिलं तर पुढच्या वळणापासून रुंदीकरणाचं काम सुरू होतं, खणलेला तांबडा रस्ता, त्यावर जांभ्याचा चुरा आणि पुढे धुरळा उडवत चाललेला डंपर. त्यांनी माझ्या ओढणीकडे बघितलं, मान हलवली. "नळीला बांधली आणि आत ओढली गेली तर इथेच राहू." खिशातला रुमाल काढला, तोही परत ठेवला. मग उघडा डबा तसाच बंद करून, फिल्टर मागच्या सीटवर फेकून त्या गाडीत बसल्या.

मला बोलता येत नव्हतं. मी नुसता हात हलवला, नको म्हणून. जिने वर्षभर मला धुळीच्या एका कणाची व्याख्यानं ऐकवली होती, ती बाई नाक नसलेलं इंजिन त्या धुरळ्यात घालत होती.

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "इंजिन दुकानात मिळतं. डोळे मिटू नकोस. माझ्याकडे बघ. जागी राहा."

गाडी गर्जत सुटली. तांबडं धुकं काचेवर येत होतं, आणि तेच तांबडं बॉनेटखाली थेट आत जात होतं. डॉक्टरांचा जबडा घट्ट होता. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा चेहरा असा व्हायचा की कोणीतरी त्यांनाच चिमटा काढतंय. पण पाय उचलला नाही. डंपरला त्यांनी कुठल्या जागेतून ओलांडलं ते मला आजही कळलेलं नाही. "सोड. सोड." मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि सोडत राहिले.

म्हसळ्याला पोचल्यावर मला मास्क लागला, ऑक्सिजन, वाफ. ऊन वर आलं तेव्हा मी बोलायला लागले होते. डॉक्टर पलंगाशेजारी स्टुलावर बसून पोहे खात होत्या. माझा हात थोपटून त्या उठल्या आणि दवाखान्यातल्या एका माणसाला कागदी फिल्टर आणायला माणगावला धाडलं. तो आल्याशिवाय त्यांनी गाडीला हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून होतो.

बातमी कळून दुसऱ्या दिवशी आई आली. बॅग भरायलाच आली होती. "झालं ना मी म्हटलं तसं? ह्या हवेत हिचं काय खरं न्हाई," ती डॉक्टरांना म्हणाली. "आजच घिऊन जाते."

मी काही बोलणार होते, पण डॉक्टरांनी मला हाताने थांबवलं. "बाई, तुमची मुलगी हवेमुळे अडकली नाही. धूर झाला, तो सगळीकडे होतो. तिने वेळेवर पंप घेतला, खोकला लपवला नाही, सगळ्या रस्त्याने मी सांगितलं तसा श्वास सोडला. चूक झाली ती माझी. मी गाडीला खोबरेल लावलं. एवढी शिकलेली बाई, जन्म कोकणातला, आणि थंडीत खोबरेल थिजतं हे विसरले. शिक्षा करायची तर मला करा, तिची नोकरी कशाला काढून घेता?"

आई गोंधळली. गाडीला खोबरेल लावणाऱ्या डॉक्टरशी काय भांडायचं हे तिला सुचेना. ती आठवडाभर राहिली, इंदूमावशीकडून तांदळाची भाकरी शिकली, डॉक्टरांनी तिला माझा पंप, उशी, खिडकी सगळं समजावून सांगितलं, आणि एके सकाळी ती एकटीच एस.टी.त बसली. जाताना मला म्हणाली, "त्या बाईंना सोडू नगंस."

गाडीचं मात्र जे व्हायचं ते झालं. पुण्याच्या मेकॅनिकने उघडून दाखवलं, टर्बोच्या पात्यांच्या कडा खडीच्या कणांनी चावल्यासारख्या झाल्या होत्या. तेव्हापासून चढावर पाय दाबला की गाडीतून बारीक शिट्टी निघते. नवा टर्बो टाकू म्हणाला. डॉक्टर म्हणाल्या, "चालतेय ना? राहू दे." त्यांच्यासारख्या बाईने ती शिट्टी कशी सहन केली, देव जाणे. इंदूमावशी लांबूनच ओळखायची, "आली बग डॉक्टरीणबाय, गाडीला दमा झालाय."

गेल्या मे महिन्यात डॉक्टर भाच्याकडे मुंबईला राहायला गेल्या. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू. वाडी इंदूमावशीच्या हवाली, गाडी माझ्या. मीच त्यांना मांडव्याला बोटीवर पोचवायला नेलं. वाटेत चढ आला, शिट्टी वाजली.

धक्क्यावर त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं. रुमाल बोटाला गुंडाळून नळीत फिरवला आणि दिसत नव्हतं म्हणून माझ्यापुढे धरला. "बघ."

"पांढरा आहे."

"नक्की?"

"नक्की."

तो रुमाल त्यांनी माझ्या हातात कोंबला. बोटीचा भोंगा झाला. भाचा सामान घेऊन पुढे गेला होता. काठी टेकत वळताना त्या हसून म्हणाल्या, "चला, तूही आता विसरशील. माझे सगळे पेशंट विसरतात."

मी त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मी नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "तुम्ही मला झोपू कुठे दिलंत? मी जागी होते."